जरा हळू

"आज जरा हळू ठेवा हां, दोन्या नेलिदा," इग्नासिओ लारल्दे तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "काल सरावाला तुमच्या त्या आवाजाची टकळी ऐकून माझं डोकं उठलं. एक अक्षर कळलं असेल तर शपथ."

"ठेवते की," नेलिदा म्हणाली. "तुम्ही सांगाल तितकं हळू."

नेलिदा आंधळी; संगणकावरचं सगळं तिला एक आवाज वाचून दाखवायचा. आंधळी माणसं तो इतक्या वेगाने ऐकतात की डोळसाला पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटतं. नेलिदाचा स्वतःचा आवाज मात्र अख्ख्या मोन्तेव्हिदेओ शहराच्या ओळखीचा. जन्मभर तिने रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या; सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. म्हणून तर लारल्देच्या कंपनीने तिला आजच्या समारंभाला बोलावलं होतं. कंपनीचं यंत्र म्हणे स्वतःच्या बुद्धीने कुठलंही संकेतस्थळ आंधळ्यांना वापरता येईल असं करायचं. ज्या बटणाला नाव नाही, त्याचं बारसंही तेच करायचं. एका इस्पितळाच्या संकेतस्थळावर ते आधीपासून चालू होतं. आज आरोग्य खात्याच्या डॉक्टर पेरेइराबाई करारावर सही करणार होत्या, आणि मग ते देशभरातल्या दवाखान्यांत बसणार होतं.

पहिल्या रांगेत तिचा नवरा ओमार थर्मास काखेत धरून नळीने कडू माते-चहा ओढत बसला होता. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्याला एका डोळ्याने थोडं दिसायचं. तो डोळा वाचवायची शस्त्रक्रिया ठरली होती. वेळ पक्की करायला नेलिदाने त्याच इस्पितळाच्या संकेतस्थळावर 'पुढे जा' हे बटण दाबलं. ते बटण वेळ रद्द करायचं होतं. नाव यंत्राने अंदाजाने ठेवलेलं. नवी वेळ मिळेपर्यंत डोळा गेला. तिने तक्रार केली तेव्हा कंपनीचं गोड उत्तर आलं, चूक वापरणाऱ्याची आहे.

त्या दिवसापासून नेलिदाने डूख धरला. ते पान ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, आणि तिथे तिला एक गोष्ट सापडली. ओमारशिवाय तिने ती कोणालाही सांगितली नाही.

"म्हातारे, सूड घेऊन माझा डोळा परत येणार आहे का?" सकाळी निघताना ओमारने विचारलं होतं.

"नाही येणार. पण सही तर अडेल. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, किती दिवस चालवून घ्यायचं?" मग बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मला त्या लारल्देचा घसा कोरडा पडलेला ऐकायचाय."

ओमार हसला नव्हता, पण सोबत आला होता.

"आमचं यंत्र म्हणजे आंधळ्यांचे डोळे," लारल्दे भाषणात म्हणाला. टाळ्या झाल्या. "दोन्या नेलिदा, एखादं पान दाखवा ना सगळ्यांना."

"इस्पितळाचंच दाखवते."

"वा, वा. अवश्य."

नेलिदाने आवाज हळू केला. मग आणखी हळू केला, अगदी बालवाडीतल्या पोराला कळेल इतका. आवाज शांतपणे वाचू लागला. नाव लिहा. डॉक्टर निवडा. वेळ निवडा. पुढे जा, बटण.

"बघा, किती सोपं," लारल्दे म्हणाला.

नेलिदाने आवाजाला पुढे वाचू दिलं. बटणाच्या खाली कंपनीतल्याच कोणीतरी आपल्या माणसांसाठी एक टीप लिहिली होती, आणि लोकांना दिसू नये म्हणून पानाच्या कडेबाहेर ढकलून दिली होती. डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, अशी डोळसांची समजूत असते. आवाजाला कड कुठली कळायला?

"टीप. वरच्या बटणाचं नाव यंत्राने चुकीचं ठेवलं आहे. ते दाबल्यावर रुग्णाची वेळ रद्द होते."

कोणाची तरी खुर्ची करकरली.

"हे काय वाचतंय?" पेरेइराबाईंनी विचारलं.

"पानावर आहे तेच, डॉक्टर."

"रुग्णांच्या तक्रारी येत आहेत," आवाज म्हणाला. "लारल्दे साहेबांना कळवलं."

"थांबवा ते," लारल्दे तिच्या कानाशी पुटपुटला. घसा खरंच कोरडा पडला होता. आवाज थांबवायची कळ नेलिदाच्या करंगळीखाली होती. करंगळी तिने तिथेच ठेवली, दाबली नाही.

तो तिच्या अंगावरून पुढे झुकला. टेबलावर चाचपडल्याचा आवाज आला, मग खट्ट झालं.

"अहो, पडदा बंद केलात तुम्ही," मागून कोणीतरी म्हणालं.

आवाज आपल्या संथ लयीत पुढे चालला होता. "साहेब म्हणाले, करार होईपर्यंत हात लावू नका. आंधळे कुठे बघायला येतात."

पहिल्या रांगेत ओमारच्या पेल्यातला चहा संपला आणि नळी मोठ्याने गुरगुरली. मग पेरेइराबाईंनी पेनाला टोपण लावलं. तेही नेलिदाला स्वच्छ ऐकू आलं.

बातम्या संपवताना ती जशी थांबायची तशी क्षणभर थांबली आणि लारल्देकडे वळली.

"कळलं ना सगळ्यांना? की अजून हळू करू, साहेब?"