पाचवं अंथरूण

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला फोन वाजला आणि बायकोच्या आधी तो मेकॅनिकने उचलला.

"आज मी दाबतो," तो म्हणाला.

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, पण फोनवरच्या या बाईपुढे तो आजवर बायकोलाच पुढे करायचा. बाई कसली, नुसता आवाज, आधीच भरून ठेवलेला. पुरानंतर सरकारने एका कंपनीला हे काम दिलं होतं. दर सोमवारी कंपनीचा फोन यायचा, काल रात्री घरात किती माणसं झोपली ते विचारायचा, आणि माणशी ठरलेली मदत दुपारपर्यंत फोनवरच जमा व्हायची. रांग नाही, साहेब नाही, कुणाचे पाय धरणं नाही. आईची साखरेची इंजेक्शनं त्यातूनच येत, धाकट्याचं दूधही.

नावं नोंदवायला आलेल्या मुलीला पाच माणसं असं त्यानेच सांगितलं होतं. पुराचा दुसरा दिवस होता तो. पुरात चुकलेली थोरली ठमी तासा-दोन तासांत येईलच, पोरीला उगाच कशाला वगळायचं, असं त्याला वाटलं होतं.

आज अकरावा सोमवार होता.

आजवर बटण बायको दाबायची. पाच. आणि आपण खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुरानंतर आसरा मिळालेल्या शाळेच्या वर्गात, फळ्याखालच्या त्यांच्या जागेत, ती रोज पाच अंथरुणं घालायची. पाचव्यावर चुकून कुणाचा पाय पडला तर अंगावर धावून जायची. सकाळी ते सगळ्यांत शेवटी काढायची, चांगलं झटकून.

मेकॅनिकने इतके दिवस कानाडोळा केला. पण शनिवारी बाकांच्या आडोशापलीकडे राहणाऱ्या न्हाव्याकडे तपासणीवाला आला, माणसं मोजली, एक कमी भरलं आणि अख्ख्या घराची मदत बंद झाली. न्हावी तेव्हापासून कपाळाला हात लावून बसला होता. इकडे आईची दोनच इंजेक्शनं उरली होती.

"चारच दाबायला हवं," तो म्हणाला. "खरं आहे तेच सांगायचंय."

"दाबा," बायको म्हणाली. "तुमचं खरं तुम्ही दाबा."

त्याने चार दाबलं. झालं एकदाचं, असं त्याला वाटलं.

"गेल्या आठवड्यात आपण पाच व्यक्ती सांगितल्या होत्या," बाई गोड आवाजात म्हणाली. "एक व्यक्ती कमी होण्याचं कारण निवडा. मृत्यू झाला असल्यास एक दाबा. दुसरीकडे राहायला गेली असल्यास दोन दाबा."

तो तिसऱ्याची वाट बघत राहिला. तिसरं काही नव्हतंच.

आवाज वर्गभर ऐकू जात होता. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती हललीसुद्धा नाही. "आपलं उत्तर मिळालं नाही," बाई म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मेकॅनिकचा अंगठा एकवर गेला. त्या चिखलात अकरा आठवडे कुणी जगत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रोज फावडं घेऊन तोच तर जायचा. पुलाखालच्या गल्लीत चिखलाखाली गेलेल्या त्यांच्या घराच्या निळ्या दरवाज्याची वरची चौकट आता कुठे दिसायला लागली होती. एवढं एकच बटण, पण पोरीवर माती लोटल्यासारखं त्याला वाटलं. अंगठा काही दबेना.

त्याने दोन दाबलं.

"त्या व्यक्तीचा नवा पत्ता सांगा. घंटी वाजल्यावर बोला."

घंटी वाजली. तेवढ्यात बायको पुढे झाली, फोनवर वाकली आणि रिक्षावाल्याला सांगावं तसं सरळ सांगून मोकळी झाली, "पुलाखालची गल्ली. डावीकडचं तिसरं घर. दरवाजा निळा आहे."

"धन्यवाद," बाई म्हणाली. "आपली चार व्यक्तींची मदत चालू राहील. पाचव्या व्यक्तीची मदत नव्या पत्त्यावर सुरू करण्यात येईल."

फोन बंद झाला. आईची इंजेक्शनं वाचली होती. मेकॅनिकला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाज वाटली. बायकोकडे बघण्याचं धाडस त्याला होईना. तो उठला आणि रोजच्यासारखं कोपऱ्यातलं फावडं त्याने खांद्यावर घेतलं.

बायको रडत नव्हती. गुडघे टेकून ती पाचवं अंथरूण गुंडाळत होती. उशी आत घालून तिने त्याची घट्ट वळकटी केली, दोरीने बांधली, गाठ ओढून पाहिली. मग दारात येऊन तिने ती त्याच्या हातात दिली.

"जाताच आहात तर एवढं घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडे ओल असेल."