फणसाखालचा वहिवाटदार

"एवढं खोडा, काकी," म्हणत बँकेतल्या कौस्तुभने व्हाइटनरची बाटली पुढे सरकवली.

सत्यवतीने ती परत सरकवली. "तुमीच खोडा, सायबानू. माजो हात धजणा नाय."

गृहकर्जाच्या अर्जाचा सत्ताविसावा रकाना होता. 'सदर मालमत्तेत विक्रेत्याव्यतिरिक्त अन्य कोणाची वहिवाट आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' आधीचे सव्वीस रकाने निमूट भरून सत्यवतीने इथे गोल अक्षरात लिहिलं होतं, 'होय. राखणदार. मागच्या फणसाखाली. फार जुना.' अर्जात खोटं लिहिलं तर कर्ज मिळणार नाही, असं कौस्तुभनेच तिला तीनदा बजावलं होतं. ते आता त्याच्याच अंगाशी आलं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला अधिकारी असता तर हसत रेघ मारून मोकळा झाला असता. पण कौस्तुभ पडला इथल्याच जामसंड्याचा. त्याच्याही घरामागे चाफ्याखाली असाच एक राखणदार होता. वर्षातून एकदा नारळ नि कोंबडा घ्यायचा आणि जागेवर राहणाऱ्या माणसांना अदृश्यपणे सांभाळायचा. कौस्तुभने बाटलीचं झाकण उघडलं, जरा वेळ हुंगलं आणि गच्च लावून टाकलं.

सत्यवतीला घर हवं होतं ते हौसेने नव्हे. तारकर्लीत तिची खानावळ बरी चालायची, आयकराचे कागदही चोख होते. पण राहायची खोली भाड्याची. पर्यटकांचा हंगाम आला की घरमालक दारात येऊन उभा राहायचा, आणि सत्यवती लेकीला, आकांक्षाला, घेऊन निमूट त्याच्या मांगरात, जाळी ठेवायच्या खोपटात, जायची. मे सरला की परत खोलीत. दिवाळीला पुन्हा मांगर, नाताळला पुन्हा मांगर. अशी वीस वर्षं गेली होती. आकांक्षाने दहावीचा निम्मा अभ्यास जाळ्यांच्या ढिगावर बसून केला होता. आता गावातला भिकाजी बेळगावला मुलाकडे कायमचा निघाला होता आणि आपलं दोन खोल्यांचं घर विकत होता. महिनाअखेरपर्यंत कर्ज झालं नाही तर एक रिसॉर्टवाला टपलेलाच होता.

फाईल पुढे सरकली, रकान्यासकट. बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये जपून लिहिलं, 'एक वहिवाटदार आढळतो.' मूल्यांकनाला आलेल्या इंजिनियरने चप्पल काढून सगळं घर मोजलं आणि शेरा मारला, 'फणसाखालचा भाग मोजलेला नाही. जागा वापरात आहे.' खाली गोल शिक्का.

मुंबईच्या मुख्य कार्यालयातून विचारणा आली. वहिवाटदाराचं वय काय? भाडं किती देतो?

कौस्तुभने कळवलं, 'वय नक्की सांगता येत नाही, गावात सर्वांत ज्येष्ठ. भाडं देत नाही. वर्षाला एक कोंबडा घेतो.'

मुंबई खवळली. असल्या माणसाला आधी जागेतून बाहेर काढा, रिकाम्या ताब्याचा कागद पाठवा, मगच कर्ज.

महिना संपायला पाच दिवस होते. कौस्तुभने कागद टाइप केला, 'वहिवाटदार जागा सोडून गेला आहे.' भिकाजीने विक्रेता म्हणून सही ठोकली आणि लगेच दोन्ही कान पकडले. मग कागद सत्यवतीपुढे आला. तिने पेन उघडलं. कागद वाचला.

"तो खंय गेलो, तां ह्यात लिवक नाय."

"काकी, ते विचारलेलंच नाही."

"माका उठवतत तेवा पण कोण इचारणा नाय." तिने पेनाला टोपण लावलं. "त्याका भायर काढून माका घर नको."

भिकाजीला मान वर करवेना. कौस्तुभला आपल्या सुबक टायपिंगची लाज वाटली. समोर घर हातचं चाललं होतं आणि ही बाई पिशवी काखोटीला मारून उठायला निघाली होती, तेही एका फणसाखालच्या न दिसणाऱ्या म्हाताऱ्यासाठी. त्याने "बसा, बसा" म्हणत नियमांचं बाड ओढलं आणि पानं उलटत सुटला. एकसष्टाव्या पानावर तो थांबला. वहिवाटदार अर्जदाराचा भाऊ किंवा बहीण असेल तर त्याला हलवण्याची गरज नव्हती.

कचेरीतली मराठी त्याच्या तोंडातून गळूनच पडली. "काकी, तो तुमचो कोण लागता?"

सत्यवतीने विचार केला. अर्जात खोटं लिहायचं नव्हतं.

"जागेर रवणाऱ्याक सांभाळता म्हणजे भावच मा? माका भाव नाय. मोठो भाव म्हणान लिवा."

कौस्तुभने लिहिलं. मुंबईचं समाधान झालं. महिना संपायला एक दिवस असताना कर्ज मंजूर होऊन आलं. सोबत एका ओळीचं हमीपत्र होतं. घरात इतके वयोवृद्ध बंधू राहतात म्हटल्यावर बँकेला एवढी काळजी घेणं भागच होतं.

कौस्तुभने ते मोठ्याने वाचून दाखवलं, 'माझ्या ज्येष्ठ बंधूंना मी कोणत्याही कारणाने, कधीही, या घराबाहेर काढणार नाही.' मग बोट ठेवून म्हणाला, "इथे सही करा, काकी, की झालं."

सत्यवतीने सही केली नाही. ती ओळ तिने स्वतः वाचली. पुन्हा वाचली. आता आणखी काय निघालं म्हणून कौस्तुभने नियमांचं बाड पुन्हा जवळ ओढलं.

"सायबानू," ती म्हणाली, "असो पण कागद असता? वीस वर्सां झाली, माका कोणी सांगूक नाय."