केसरकाकीचं ऐकणं

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात हर्षदची गिटार मनापासून ऐकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे शेजारची मासळीवाली केसरकाकी. संध्याकाळी त्याने काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर लावला, की ती ओट्यावर येऊन बसायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. पण खाऱ्या हवेने अँप्लिफायर पार खिळखिळा झाला होता. सूर लागतोय तोच घरघर सुरू व्हायची आणि मधूनच समुद्रातल्या बोटींचं वायरलेसवरचं बोलणं ऐकू यायचं. एवढी जिवाभावाची श्रोती आणि तिला हे असलं ऐकवायचं, याची हर्षदला लाज वाटायची.

शेवटी त्याने ते धूड उघडलं. व्हॉल्व्ह बदलला, गंजलेले सॉकेट घासले, आतली सुटलेली तार सोल्डर करून पक्की केली. मग काकीला मुद्दाम हाक मारून बसवलं आणि जीव ओतून वाजवलं. जराही खरखर नाही, कोणाची बडबड नाही.

काकीचा चेहरा मात्र उतरत गेला.

"नाय आवडलं का काकी?"

"तू चांगला वाजवतंस रं. पन आज बोटवाले का बोलत न्हाय?"

"ते आता ऐकू यायचे नाहीत. दुरुस्त केला ना मी."

"मंग कोनाला काय म्हावरा गावला, कुठली बोट आधी लागनार, ता मना कसा कलायचा?" काकी पदर खोचून उठली.

"बस गं जरा," हर्षद पक्कड शोधत म्हणाला, "परत बिघडवतो."