हाडांचं वय

"नावाची घाई नको. आधी मला बघू द्या," म्हणत तज्ज्ञबाईंनी हातमोजे चढवले आणि टेबलावरची चादर बाजूला केली.

सुनेनं डोळे मिटून घेतले. ओठांतल्या ओठांत तिचं एकच चाललं होतं. देवा, ह्या आई नसू देत. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शेजारी तिचा नवरा भिंतीला पाठ लावून उभा होता. टेबलाकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

तलाव आटला आणि गाळात ही हाडं निघाली. कमरेचं, मांड्यांची, थोड्या फासळ्या. कवटी नव्हतीच. आसपास बेपत्ता झालेली बाई एकच, त्याची आई. म्हणून फौजदारांनी दोघांना बोलावून घेतलं होतं.

"एक गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नाही," फौजदार म्हणाले. "ज्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची, त्या घराबाहेर गेल्या कशा? वहिनी, तुम्ही दूध आणायला गेलात. परत येता तर चाकाची खुर्ची रिकामी. बरोबर?"

"हो."

"म्हणजे कोणीतरी उचलूनच नेलं. बरं, तुमच्यावर संशय घ्यावा तर तुमच्यानं भरली बादली उचलेल की नाही, देव जाणे. आणि हे तर त्या वेळी दहा माणसांत होते."

नवरा कोरडं हसला. "माझं औषध लागू पडलं असतं, तर निदान पळून तरी गेली असती."

तो एका संशोधन संस्थेत होता. आई पडली, खुब्याजवळ हाडाला तडा गेला, आणि या वयात तो सांधेना. तेव्हा त्यानं स्वतः तयार केलेले नॅनोकण आईला टोचायला घेतले.

"पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या चुली असतात, आई," त्यानं समजावलं होतं. "वय झालं की त्या विझत जातात. हे कण आत शिरतात आणि त्या पुन्हा पेटवतात. मग हाड आपलं आपण भरून येतं."

"आधी तुझ्या बायकोला घरातली चूल धड पेटवायला शिकव," आईंनी लगेच ठेवून दिलं होतं.

सगळे हसले होते. सूनही हसली होती. आईंची जीभ तशीच होती. सून त्यांचं अंग पुसत असली की म्हणायच्या, "माझे पाय एकदा धड होऊ देत. मग बघ, पहिलं तुझं गाठोडं बांधते. लेकासाठी दुसरी बघूनच ठेवलीय मी."

"होऊ देत हो, आई," म्हणत सून पांघरूण नीट करायची. रोज त्यांच्यासाठी हात जोडायची. इंजेक्शनची वेळ तिनं कधी चुकवली नाही.

पण शेवटच्या एक्स-रेतही तडा जसाच्या तसा दिसला. नवऱ्यानं प्रयोग बंद केला. संस्थेत लोक त्याची नजर टाळू लागले. उरलेल्या कुप्या त्यानं घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या, आणि त्यानंतर आईला तपासायचंही त्याच्या जिवावर आलं.

तज्ज्ञबाईंनी मांडीचं हाड तळहातावर तोललं, भिंगाखाली धरलं. मग तोच एक्स-रे उजेडात धरून बघितला.

"वय काय म्हणालात आईंचं?"

"बहात्तर."

"मग ह्या त्या नव्हेत."

नवऱ्यानं मान वर केली.

"हे बघा, तुमच्या आईंच्या हाडाची चाळण झालीय. आणि हे? भरीव, घट्ट. तडा गेल्याची खूणसुद्धा नाही. ही बाई तिशीतली, फार तर पस्तिशीची."

"बाकीच्या तपासण्या?" फौजदारांनी विचारलं.

"पाच-दहा वर्षांचा घोळ असता तर केल्या असत्या. इथे चाळीस वर्षांचं अंतर आहे, साहेब. ही दुसऱ्याच कोणाची तरी लेक. तिचं घर शोधा."

सुनेनं हात जोडले. नवरा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. फौजदारांनी स्वतः पाणी आणून दिलं आणि उगाच त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

घराचा जिना चढताना तो म्हणाला, "अगं, एक गोष्ट सारखी मनात येते. कणांना वेळ कमी पडला असेल. पुन्हा कोणावर तरी करून बघू का?"

"नका हो," ती हळूच म्हणाली. "एकदा हात पोळले तेवढे पुरे. किती जाळून घ्याल स्वतःला?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग फ्रीज उघडला आणि एकेक कुपी मोरीत रिकामी करायला लागला. ती शेजारी उभी राहून नळ सोडत होती.

त्याची पाठ बघून तिला भडभडून आलं. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ती फळाला आलेली एकट्या तिनंच बघितली होती. त्या सकाळी आई काठी न घेता जिना उतरल्या, "त्याला इतक्यात बोलू नकोस, आधी मला पोटभर चालू दे," म्हणाल्या, आणि तलावापर्यंत त्यांना गाठता गाठता तिलाच धाप लागली होती. परतताना मात्र ती एकटीच होती.