एकेचाळिसावा चेहरा

एमआरआयमधून बाहेर आल्यावरही बटणांची डबी लेकीच्या मुठीतच होती. राग, भीती, दुःख, आनंद. फोटोतला चेहरा बघून योग्य बटण दाबायचं. चाळीस फोटो झाले, तिनं एकही दाबलं नव्हतं. "सगळे नट आहेत. खोटं रडतायत," ती म्हणाली. डॉक्टर हसले आणि तिला वगळून आईशी बोलले, "बघितलंत? स्वमग्न माणसाला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही. हिच्या मेंदूतला तो भाग उजळलाच नाही." आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर समोर बसलीय आणि हा माणूस बिघडलेल्या मिक्सरबद्दल बोलावं तसं बोलतोय! पण बावीस वर्षांच्या सवयीनं ती गोड हसली. "बरोबर आहे, डॉक्टर." "तुम्ही फार समजूतदार आहात," डॉक्टर म्हणाले. लेकीनं आईकडे एकटक पाहिलं आणि बटण दाबलं. काचेपलीकडून तंत्रज्ञ ओरडला, "सर, उत्तर आलंय. राग! पण फोटो तर संपलेत!"