बावीस ओळी

बाईंचं पुस्तक अभ्यासक्रमातून काढायचं, हे अभ्यास मंडळाच्या बैठकीआधीच ठरलं होतं. त्यांना बोलावलं होतं ते फक्त मान डोलवायला. टेबलाच्या पार टोकाची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली आणि चहा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

समोर प्राध्यापकांचा नवा जाडजूड अनुवाद ठेवला होता. ज्या प्राचीन महाकाव्याच्या अनुवादावर बाईंनी उमेदीची बारा वर्षं घातली, तेच हे काव्य. प्राध्यापक गोड बोलून गळा कापण्यात पटाईत होते. बाईंबद्दल आदर आहेच, पण त्यांचं काम पडलं घरगुती, चूलमूल सांभाळून केलेलं. आता काहीतरी शास्त्रशुद्ध हवं, असं ते म्हणाले. अध्यक्ष हसले, मग बाकीच्यांनाही हसू आलं. बाईंनी तो अनुवाद पुढे ओढून उघडला.

नव्या पुस्तकाची पानं चाळताना त्यांना आपलीच वाक्यं भेटत होती. कुठे एखादा शब्द फिरवलेला, कुठे तेवढेही कष्ट नाहीत. पण मूळ एकच, तर अनुवाद सारखे होणारच, असं म्हणून हा माणूस हात झटकून मोकळा होईल, हे त्या ओळखून होत्या. सातव्या सर्गापाशी मात्र त्या थबकल्या. त्यांच्या पुस्तकात इथे एक चूक होती. ती उघड झाली तर जन्मभराची विद्वत्ता मातीमोल होईल, या धास्तीने वीस वर्षं त्यांनी ब्र काढला नव्हता.

"माझा अनुवाद पाहिला होतात?" त्यांनी विचारलं.

"हातही लावला नाही, बाई. मी थेट मुळावरून काम करतो."

बाई टिपणं घेणाऱ्या कारकुनाकडे वळल्या. "लिहून घ्या. सातव्या सर्गात माझ्या अनुवादात बावीस ओळी सुटल्या आहेत. मुळात त्या आहेत. चूक माझी."

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. प्राध्यापकांना आनंद लपवता येईना. "मी तरी दुसरं काय म्हणत होतो?"

"धाकटी तापाने फणफणली होती," बाई म्हणाल्या. "तिला मांडीवर घेऊन लिहीत होते. मूळ हस्तलिखिताची दोन पानं एकदम उलटली गेली." त्यांनी प्राध्यापकांचं पुस्तक सातव्या सर्गाशी उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. "त्याच बावीस ओळी यातही नाहीत. तुमच्या घरी कोण आजारी होतं?"