दर तीन मिनिटांचं बटण

शिक्षिका नाम सो-रा बाईंनी सहावीचे ऑनलाइन धडे घसा फोडून रेकॉर्ड केले होते. दर तीन मिनिटांनी पडद्यावर येणारं 'मी बघतोय' हे बटण दाबल्याशिवाय धडा पुढे सरकत नसे. तरी ग्यु-बिन या विद्यार्थ्याची हजेरी शंभर टक्के आणि चाचणीत भोपळा! बाईंनी त्याच्या घरी फोन लावला, तो आजीने उचलला.

"तो फुटबॉल खेळायला गेलाय, बाई. बटण मीच दाबते, भाजीसाठी मोड आलेल्या कडधान्याची शेपटं खुडता खुडता."

"आजी, ही शुद्ध फसवणूक आहे! थोडी तरी लाज बाळगा!"

फोन आदळून बाई आपल्या घरच्या स्वयंपाकघराकडे बघत ओरडल्या, "आई, माझ्या सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं बटण दाबताय ना?"

सासूबाईंनी मुळा चिरता चिरता उत्तर दिलं,



"दाबतेय गं. आत्ताच त्यात सांगितलं, पालकांवर असं खेकसायचं नसतं."